'सगळे सारखेच आहेत, मग मत का द्यायचं?' – वॉर्डात चोवीस वर्षं घालवल्यावर मला काय वाटतं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू म्हणतोस वय २५, गाव परभणी जिल्ह्यात, तीन वर्षं पुण्यात एमपीएससी करतोयस. २०१९ ला आयुष्यातलं पहिलं मत दिलंस, ज्याला दिलंस तो आमदार मधेच दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. २०२४ ला मशीनवर चिन्हं ओळखीची होती पण कोण कुणाबरोबर हेच कळेना. टीव्हीवरची चर्चा लावली की डोकं उठतं, घरच्या ग्रुपवर काका आणि मोठा भाऊ यांचं बोलणं बंद झालंय, आणि आता तुझं मत असं की सगळे सारखेच, पुढच्या वेळी नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण, दाबायचं नाहीतर गावाला जायचंच नाही. शेवटी विचारलंयस, यात माझं काही चुकतंय का.

आधी मी कोण ते सांगते. आठ वर्षं एका छोट्या दैनिकासाठी महापालिका कव्हर केली, नंतरची सोळा वर्षं वॉर्डातल्या नागरिक गटात, म्हणजे माहिती अधिकाराचे अर्ज, फाइली बघणं, निवडणूक आली की उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचून लोकांना साध्या भाषेत सांगणं. कुठल्याही पक्षात नाही, कधी नव्हते. तुला 'तू' म्हणतेय, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

तर चुकत काही नाहीये. तुला जे वाटतंय ते २०१९ नंतर महाराष्ट्रात शुद्धीत असलेल्या कुणालाही वाटायलाच हवं. २१ ऑक्टोबर २०१९ ला आपण मतदान केलं. महिनाभर सरकार नाही, राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरला सकाळी उठलो तर एक शपथविधी उरकलेला, तीन दिवसांत ते सरकार गेलं, २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी. मग जून २०२२, सुरत, गुवाहाटी, ३० जूनला तिसरा मुख्यमंत्री. जुलै २०२३ ला दुसऱ्या पक्षात तेच. एकाच विधानसभेच्या काळात जवळपास प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून गेला, आणि यातल्या एकाही वळणावर मतदाराला कुणी विचारलं नाही.

हे सगळं 'राजकारण घाणच असतं' म्हणून सोडून देऊ नकोस, कारण ते नेमकं कुठून घडलं हे सांगता येतं. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. आधी त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ च्या घटनादुरुस्तीने ती पळवाट काढली, दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीनीकरण ही राहिली. पण अपात्रतेचा निर्णय कोण घेणार, तर विधानसभेचे अध्यक्ष, आणि अध्यक्ष कुणाचा, तर ज्यांचं बहुमत त्यांचा. किती दिवसांत घ्यायचा याची मुदत कायद्यात नाही. सुप्रीम कोर्टाने ११ मे २०२३ ला सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिला होता म्हणून सरकार परत आणता येत नाही, आणि अपात्रतेचं अध्यक्षांनी रास्त वेळेत ठरवावं. शिवसेनेच्या याचिकांवर निकाल आला १० जानेवारी २०२४ ला, दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही, आणि त्याच वर्षी विधानसभेची मुदतही संपली. तू एमपीएससी करतोयस म्हणजे दहावी अनुसूची, हाच पक्षांतरबंदी कायदा, तुला पाठ असेल, पण तुझं मत याच फटीतून गळून गेलं असं कधी जोडून बघितलंयस का?

म्हणून मला वाटतं तुझा खरा प्रॉब्लेम 'कुणाला मत देऊ' हा नाहीये. तू मत दिलंस, त्याचं पुढे काय झालं याचा हिशोब तुला कुणीच दिला नाही, आणि तो मागायची जागाही कुणी दाखवली नाही. हिशोब मिळत नसेल तर माणूस कंटाळणारच. दुकानदार पावती देत नसेल तर आपण दुकान बदलतो, इथे सगळीच दुकानं तशी दिसतायत.

यात अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोक बोलतात. तुझ्या वयाच्या पोरांना सगळ्यात जवळची निवडणूक मिळालीच नाही. पुणे मुंबईत फेब्रुवारी २०१७ ला नगरसेवक निवडले, त्यांची मुदत मार्च २०२२ ला संपली, आणि पुढे ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट यात प्रशासक बसला तो बसलाच. मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्या म्हटलं तेव्हा गाडं हललं आणि महापालिकांचं मतदान थेट जानेवारी २०२६ ला झालं. म्हणजे २०१७ नंतर अठरा पूर्ण केलेल्या शहरातल्या मुलाने दोनदा लोकसभा आणि दोनदा विधानसभा बघितली असेल, पण आपल्या गल्लीचा माणूस निवडायला त्याला पंचवीस सव्वीस वर्षांचं व्हावं लागलं. तुमच्याकडे जिल्हा परिषदांनाही असेच प्रशासक होते. राजकारण शिकायची जी बालवाडी असते तीच बंद होती. आमच्या पिढीने आधी नळाला पाणी का येत नाही म्हणून नगरसेवकाच्या दारात भांडून घेतलं आणि मग पक्ष, विचारधारा वगैरे कळलं, तुम्हाला थेट टीव्हीवरचा तमाशा बघायला बसवलं.

त्या टीव्हीचं पण सांगते. मला दोनदा एका चॅनलवर बोलावलं होतं, पाण्याच्या मीटरचा विषय होता. मी कागद घेऊन गेले, टेंडरची रक्कम, किती मीटर बसले, किती बंद पडले. गाडीतून उतरते तोवर चॅनलमधल्या एका मुलीचा फोन, 'मॅडम, जरा जोरात बोला हं, मधे तोडलं तरी थांबू नका.' पडद्यावर सहा चौकटी, जाहिराती धरून चाळीस मिनिटं, त्यात माझ्या वाट्याला एक मिनिट पण आलं नसेल, आणि तेवढ्यात दोन प्रवक्ते एकमेकांचा पंधरा वर्षांपूर्वीचा पक्ष काढत होते. मीटरचा आकडा कुणीच उच्चारला नाही. ती मुलगी वाईट नव्हती, तिची नोकरी ती. पण ती चर्चा बघून राजकारण किळसवाणं आहे असं ठरवू नकोस, ती चर्चा राजकारणाबद्दल नसतेच. मी ती बघणं २०१४ च्या सुमारास बंद केलं आणि माझं काहीही अडलं नाही.

आता 'सगळे सारखेच'. इथे मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे.

आमच्या शहरात, नाव सांगत नाही, एका गल्लीच्या काँक्रिटीकरणाचं बिल निघालं होतं. माहिती अधिकारात कागद मागवले, मग सोमवारी दुपारी जाऊन मूळ फाइल बघितली. बिलाचा खरा जीव मोजमाप पुस्तकात असतो, तिथे सगळे त्याला एमबी म्हणतात, हिरवट कापडी पाठीचं लांबट पुस्तक, त्यात कनिष्ठ अभियंत्याच्या अक्षरात लांबी, रुंदी, जाडी आणि खाली सही. लांबी लिहिली होती १८० मीटर. आम्ही चार बायका आणि एक रिटायर्ड पोस्टमन काका, संध्याकाळी टेप घेऊन गल्लीत गेलो, ११२ मीटरला भिंत लागली, गल्लीच संपली. पोस्टमन काकांनी दोनदा मोजायला लावलं, त्यांना वाटलं आपलंच चुकलं.

चार जणांचा प्रभाग होता. एका नगरसेवकाने फोनच उचलला नाही. दुसरा म्हणाला, ताई, त्यात पडू नका. तिसऱ्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आमच्या दारात. चौथी पहिल्यांदाच निवडून आलेली, आरक्षणातून आलेली, सगळा वॉर्ड म्हणायचा कारभार नवराच बघतो, आम्ही पण तिच्याकडे सगळ्यात शेवटी गेलो. तिने कागद ठेवून घेतले, चार दिवसांनी स्वतः टेप घेऊन गल्लीत आली, आणि सभेत उभं राहून विचारलं की उरलेले ६८ मीटर कुठे आहेत ते मला दाखवा. तिच्याच पक्षाच्या लोकांनी तिला खाली बसवायचा प्रयत्न केला. ठेकेदाराच्या अनामत रकमेतून पैसे वळते झाले, अभियंत्याला नोटीस गेली. त्या दुसऱ्या नगरसेवकाचा आणि हिचा पक्ष एकच होता.

म्हणून कुणी सगळे सारखेच म्हटलं की मला तिचा चेहरा आठवतो. त्या दोघांना एका ओळीत बसवलं की फायदा कुणाचा होतो? 'त्यात पडू नका' म्हणणाऱ्याचा. त्याला हेच हवं असतं, की लोकांनी फरक करणं सोडून द्यावं, म्हणजे काम करायचीही गरज नाही आणि लाजायचीही. पुढच्या वेळी तिला तिकीट नाकारलं हेही सांगते, खोटी आशा नको. पण त्या गल्लीत नंतर असं बिल निघालं नाही.

आणि थोडं मोठं बघायचं तर आजीला विचार, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं होतं. त्या दुष्काळाच्या आसपास रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरली, १९७७ ला महाराष्ट्राने कायदा केला की मागेल त्याला काम, आणि त्याचा पैसा उभा करायला शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावला. आजही पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तो. २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा यातून शिकून आला. हे सगळं याच विधिमंडळात, याच भांडकुदळ पक्षांनी केलं.

नोटाचं विचारलंस. विधानसभा लोकसभेला नोटाने काहीही रद्द होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाने ते बटण आलं, नाराजी नोंदवली जाते, तेवढंच. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, २७ हजारांच्या पुढे मतं, तिकडे पलूस-कडेगावलाही दुसराच, आणि दोन्हीकडे निवडून यायचा तो उमेदवार आरामात आला. स्थानिक निवडणुकांचं वेगळं आहे, राज्य निवडणूक आयोगाने २०१८ ला आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. म्हणजे गावात किंवा वॉर्डात सगळ्यांनी मिळून ठरवून वापरलं तर त्याला धार आहे, विधानसभेला एकट्याने दाबलंस तर तुझी भावना बरोबर पण परिणाम शून्य. आणि एका मताने काय होतं म्हणशील तर २०२४ ला मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा ४८ मतांनी ठरली, त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी आणि साकोली २०८ मतांनी. तीन-चार होस्टेलमधली पोरं घरी जाऊन आली असती तर वेगळं झालं असतं इतका तो फरक.

काही गोष्टी मात्र तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. एक म्हणजे नाव कुठे ठेवायचं. विद्यार्थी म्हणून तू घरच्या पत्त्यावरही मतदार राहू शकतोस, किंवा पुण्यात राहतोस म्हणून इथे फॉर्म ८ भरून बदलून घेऊ शकतोस, दोन्हीकडे ठेवता येत नाही. पुण्यात आणलंस की गावच्या ग्रामसभेतला तुझा हक्क जातो, कारण ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावचे मतदार. वर्षातून दोन-तीनदा गावाला जात असशील आणि पुढे परतायचा विचार असेल तर माझं मत, नाव तिथेच ठेव. दुसरं म्हणजे घरची स्थिती. तुमच्या घरकुलाचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, वडिलांची रोजंदारी हे गावातल्या एखाद्याच्या हातात असेल तर उघड बोलायला मी सांगणार नाही, शहरात बसून शौर्य शिकवणं सोपं असतं. मत गुप्त असतं, तेवढी जागा तुझ्या एकट्याची आहे. आणि तिसरं, परीक्षा तोंडावर असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि अभ्यास कर. खरंच.

पण जमेल तेव्हा एक काम कर, एकच. ई-ग्रामस्वराजची साइट उघड, जिल्हा, तालुका, तुझं गाव निवड. यावर्षीच्या आराखड्यात कोणती कामं आहेत, कशावर किती पैसे गेले ते दिसतं. त्यातलं एक काम निवड, जे तू डोळ्यांनी बघू शकतोस, शाळेची दुरुस्ती म्हण, नाली म्हण. सुट्टीला गेलास की बघून ये, फोटो काढ. नाही जुळलं तर ग्रामसभेत विचार, वर्षात किमान चार व्हायला हव्यात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास असतात. कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार यातलं जे कमी असेल ते. बऱ्याच ठिकाणी सभा कागदावरच होते, तेव्हा नुसतं जाऊन बसणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. माहिती अधिकार वापरायचा तर दहा रुपये, एकच विषय, महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा, तीस दिवस. पण आधी अर्ज न करता फाइल बघायला जा असं मी सगळ्यांना सांगते, २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयं आणि स्थानिक संस्थांमध्ये सोमवारी ३ ते ५ नागरिकांना कागद बघता यायला हवेत. पहिल्यांदा 'साहेब नाहीत' ऐकायला मिळेल. परिपत्रकाची प्रिंट हातात असू दे आणि बसून राहा. आणि इथे पुण्यातच काही करायचं असेल तर क्षेत्रीय कार्यालयात विचार, नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं बजेटमध्ये घ्यायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे, होस्टेलबाहेरचा बंद दिवा, फूटपाथ, बाक असलं काहीही सुचवता येतं.

उमेदवार निवडायचं म्हणशील तर मी पक्षाच्या आधी प्रतिज्ञापत्र वाचते, निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, आणि ते कसं वाचते ते सांगते. एकूण संपत्ती किती यावर मी थांबत नाही, तोच माणूस पाच वर्षांपूर्वी उभा होता का बघते आणि दोन्ही शेजारी ठेवते. जमिनी कुठे वाढल्या, कधी घेतल्या, आणि त्याच भागातून रस्ता किंवा रिंगरोड जातोय का. गुन्हे मोजत नाही, वाचते. आंदोलनात जमावबंदी मोडली हा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा दोन्ही एकेकच मोजले जातात, पण पहिला असलेला माणूस मला उलट जवळचा वाटतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्या अर्ध्या तासानंतर 'सगळे सारखे' हे वाक्य तोंडातून सहज निघत नाही.

अजून एक. तुमच्या एमपीएससीच्या पोरांनीच मला गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त शिकवलंय. फेब्रुवारी २०२३ ला नवीन वर्णनात्मक पॅटर्न लगेच नको, २०२५ पासून लावा म्हणून मुलं पुण्यात रस्त्यावर बसली आणि आयोगाने ते मान्य केलं. ऑगस्ट २०२४ ला २५ तारखेची परीक्षा आयबीपीएसच्या, म्हणजे बँक भरतीच्या, परीक्षेबरोबर येत होती, पुन्हा मुलं बसली, परीक्षा पुढे ढकलली गेली. तेव्हा तिथे कुणी कुणाला तू कुठल्या पक्षाचा असं विचारत नव्हतं, आणि सगळ्या पक्षांचे नेते मुलांच्या बाजूने बोलायला लागले. का जमलं? कारण मागणी एका ओळीची होती, तारीख होती, आणि ती कुणी पूर्ण करायची हे ठरलेलं होतं. 'व्यवस्था बदला' म्हटलं असतं तर नेते भाषण करून गेले असते. तू त्यात होतास का माहीत नाही, पण तुझ्याच खोलीतलं कुणीतरी असणार, त्याला विचार.

काका आणि दादाचं राहिलं. त्यांच्यात कोण बरोबर हे ठरवायला जाऊ नकोस, मी आमच्या घरात तीन वर्षं ते केलं आणि भावजय अजून नीट बोलत नाही. ग्रुपवर एक दिवस ती कामांची यादी टाक, खाली फक्त एवढंच लिही की यातली शाळेच्या मागची नाली कुणी बघितली आहे का. काका गावातच राहतात ना, त्यांना जाऊन बघावीच लागेल. दादा तालुक्याला असेल तर रक्कम तो विचारून आणू शकतो. दोघं एकाच बाजूने चिडतील अशी गोष्ट गावात शोधली तर एक तरी सापडतेच.

१ मेच्या सुमाराला ग्रामसभा असेल, परीक्षेच्या तारखा बघून जमलं तर जा. जाण्याआधी यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेव, ग्रामपंचायतीत रेंज नसते. अर्जाचा मसुदा हवा असेल तर गावाचं नाव गाळून इथे टाक, मी दुरुस्त करून देते.